मुलगी निवडणुकीला उभी राहते म्हणाली, तर



जून सरला, की शाळांमधली वह्या-पुस्तकांची गडबड संपते आणि दुसरी गडबड सुरू होते. वर्गप्रतिनिधी निवडायचे असतात, शालेय मंत्रिमंडळ ठरवायचं असतं, एनसीसी, स्काऊट-गाईडमध्ये नावं द्यायची असतात, वक्तृत्वासाठी मुलं शोधायची असतात. याच दिवसांत बस्तीत पूजा आटोपून बायका पायऱ्यांवर टेकल्या, की एक वाक्य हमखास कानावर येतं. "आमच्या मुलीला नको म्हटलं बाई, नववी आहे आता."

या "नको म्हटलं" विषयी आज लिहायचं आहे. माझं मत आधीच सांगून टाकते. आपल्या घरातली मुलगी वर्गप्रतिनिधी व्हायचं म्हणाली, मंत्रिमंडळाच्या निवडणुकीला उभी राहते म्हणाली, शिबिराला जाते म्हणाली, तर आईने नाही म्हणू नये. अभ्यास सांभाळून जमलं तर बघू, असंही म्हणू नये. हेसुद्धा तुझं शिक्षणच आहे, असं म्हणावं.

आपल्या समाजाने मुलींना शिकवलं, यात शंका नाही. आपल्या मुली सीए होतात, डॉक्टर होतात, दहावीच्या निकालात त्यांची नावं वर असतात, आणि सत्कार समारंभात शाल-श्रीफळ घ्यायला त्यांची रांग लागते. पण शाळा म्हणजे फक्त पुस्तक, हा आपला समज मात्र घट्ट बसला आहे. मैदान, रंगमंच, निवडणूक, शिबिर, हस्तलिखित हे सगळं आपण "फावल्या वेळात" या खात्यात टाकतो. मुलगी सातवीत असेपर्यंत हे खातं चालू असतं. आठवी-नववी आली, की पहिल्यांदा तेच बंद होतं. मुलाचं मात्र लगेच बंद होत नाही. तो दहावीतही क्रिकेटच्या संघात असतो आणि गॅदरिंगच्या तयारीला रात्री आठपर्यंत थांबतो.

ज्यांनी अलीकडे शाळेतली निवडणूक पाहिली नसेल, त्यांच्यासाठी थोडं सांगते. आपल्या लहानपणी बाईंनी वर्गात बोट दाखवायचं आणि तो मॉनिटर व्हायचा. आता बऱ्याच शाळांमध्ये राज्यशास्त्राचे शिक्षक सगळी प्रक्रिया मुलांकडूनच करून घेतात. अर्ज भरायचा, अर्जांची छाननी, माघार घ्यायची मुदत, चिन्हवाटप. कोणाला छत्री, कोणाला पुस्तक, कोणाला फळा. दोन दिवस प्रचार. मग मतदान. हल्ली मोबाईलवर मतदान यंत्रासारखं ॲप मिळतं, त्यावर बटण दाबलं की बीप वाजतो. केंद्राध्यक्ष मुलगा, शाई लावणारी मुलगी, रांग लावणारे स्काऊट. मग निकाल आणि शपथविधी. पंतप्रधान किंवा मुख्यमंत्री, शिक्षणमंत्री, क्रीडामंत्री, सांस्कृतिक मंत्री, आरोग्य व स्वच्छता मंत्री, पर्यावरण मंत्री, सहलमंत्री अशी खाती असतात. ५ सप्टेंबरला शिक्षक दिनी स्वयंशासन दिन होतो आणि मुलंच मुख्याध्यापक, शिक्षक आणि शिपाई होऊन शाळा चालवतात.

हे सगळं लुटुपुटूचं वाटतं, हे मला मान्य आहे. सगळ्याच शाळांत ते नीट होतं असंही नाही. काही ठिकाणी निवडणूक फक्त फोटोपुरती असते, मंत्र्यांची नावं फलकावर लागतात आणि वर्षभर बैठकच होत नाही. काही शाळांत मंत्र्यांचं काम म्हणजे दारात उभं राहून नखं तपासणं आणि उशिरा येणाऱ्यांची नावं लिहिणं, एवढंच. पण जिथे एखाद्या शिक्षकाने मनावर घेतलेलं असतं, तिथे काय घडतं ते मी घरात बसून पाहिलं आहे.

माझी धाकटी आठवीत असताना आरोग्यमंत्री म्हणून निवडून आली. मंत्रिमंडळाच्या पहिल्या बैठकीत मुलांनी दोन विषय मांडले, मैदानावर नेट हवं आणि गॅदरिंगला डीजे हवा. हिने सांगितलं, की मुलींच्या स्वच्छतागृहाच्या चारपैकी तीन दारांना कड्या नाहीत. एकीने आत जायचं आणि दुसरीने बाहेरून दार धरायचं, असं दीड वर्ष चाललं होतं. कितीतरी मुली त्यापायी शाळेत पाणीच पीत नव्हत्या. मुली सकाळी भरून नेलेली बाटली संध्याकाळी तशीच परत आणतात, हे आपण आयांनी पाहिलेलं असतं. त्यामागे हे कारण असेल, असं आपल्या मनात येत नाही.

सरांनी तिला सांगितलं, तोंडी नको, लिहून दे. मग तिने अर्ज लिहिला. पहिला अर्ज दीड पानाचा झाला, त्यात शाळेचा इतिहास आणि स्वच्छतेचं महत्त्व होतं. सरांनी तो परत दिला. दुसरा पाच ओळींचा झाला. कोणता मजला, किती दारं, काय तुटलं आहे, कधीपासून, काय हवं. मुख्याध्यापकांनी "बघू" म्हटलं. पंधरा दिवस गेले. मग तिने वर्गावर्गांत फिरून मुलींच्या सह्या घेतल्या, अर्ज पुन्हा दिला आणि कार्यालयातल्या भाऊंकडून दुसऱ्या प्रतीवर पोच घेतली. दिवाळीच्या सुट्टीआधी कड्या बसल्या. नेटही आलं, डीजे मात्र नाही आला.

मैत्रिणींनो, त्या वर्षात ती किती धीट झाली, हे मी सांगत बसणार नाही. तिला पोच घ्यायला कळलं, हे मला मोठं वाटतं. तक्रार कशी लिहायची, कोणाला द्यायची, "बघू" म्हटल्यावर पुन्हा कधी जायचं, एकटीने जायचं की दहाजणींनी, या गोष्टी कोणत्याच पुस्तकात प्रश्नोत्तराने येत नाहीत. बँकेत, ग्रामपंचायतीत, हॉस्पिटलच्या बिलाच्या खिडकीवर, सासरच्या हिश्शाच्या कागदांवर, सगळीकडे आपलं अडतं ते इथेच. आपण तक्रार बोलतो, लिहीत नाही. लिहिली तर पोच घेत नाही.

दुसऱ्या वर्षी ती मुख्यमंत्रिपदाला उभी राहिली आणि पडली, तेही चांगल्या फरकाने. दोन दिवस जेवताना बोलली नाही. तिसऱ्या दिवशी निवडून आलेल्या मुलाने तिला सांस्कृतिक समितीत बोलावलं आणि ती गेली. दशलक्षण पर्वात आपण उत्तम क्षमा म्हणतो आणि क्षमावाणीच्या दिवशी सगळ्यांना हात जोडतो. पण ज्याने आपल्याला सगळ्यांसमोर हरवलं, त्याच्याच हाताखाली तीन महिने काम करायचं, हा क्षमेचा धडा मला पाठशाळेत मिळाला नव्हता. तिला तो शाळेत मिळाला, आणि चौदाव्या वर्षी मिळाला.

आता आपल्या आक्षेपांकडे येते. ते खोटे नाहीत, म्हणून एकेक घेऊ.

पहिला आक्षेप मार्कांचा. यात एक गंमत आहे. चित्रकलेच्या एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट परीक्षांना आपण मुलींना आवर्जून बसवतो, कारण दहावीला वाढीव गुण मिळतात. शास्त्रीय नृत्य-गायनाच्या परीक्षांचंही तसंच. म्हणजे वेळ नाही हे खरं कारण नव्हे. ज्याला गुण आहेत त्याला वेळ आहे. वर्गप्रतिनिधी होण्याला गुण नाहीत, म्हणून त्याला वेळ नाही. संसारात तरी आपण सगळ्या गोष्टी अशा मोजतो का? सामायिक करताना, कोणाच्या दुखण्यात रात्रभर बसताना, कोणते गुण मिळतात? २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणातही म्हटलं आहे, की अभ्यासक्रम आणि अभ्यासेतर उपक्रम यांच्यात भिंत नको. सरकारचं धोरण प्रत्यक्षात येईल तेव्हा येईल. आपल्या स्वयंपाकघरातली भिंत पाडायला कोणाचा जीआर लागत नाही.

वेळेचा हिशोब मी मांडून पाहिला आहे. मंत्रिमंडळाची बैठक महिन्यातून एकदा, मधल्या सुट्टीला जोडून. गॅदरिंगचे दहा-बारा दिवस गडबडीचे. एखादं शिबिर. बाकी वर्ष मोकळंच असतं. मुलींचा त्याहून जास्त वेळ मोबाईलवर जातो आणि क्लासला जाण्या-येण्यात जातो. दहावीच्या वर्षी तर बऱ्याच शाळा स्वतःच मुलांना मोठ्या जबाबदाऱ्या देत नाहीत. म्हणजे आपण अडवतो ती आठवी आणि नववी, आणि नेमकी तीच दोन वर्षं या कामाची असतात.

दुसरा आक्षेप आपल्या धर्माचरणाचा, आणि तो मला सगळ्यात जवळचा आहे. शिबिरात रात्री जेवण असतं. सहलीत सर सगळ्यांना वडापाव घेऊन देतात. भाजीत कांदा-लसूण असतो, रश्शात बटाटा असतो. गॅदरिंगची तालीम डिसेंबरात असते, सूर्यास्त सहाच्या सुमारास होतो आणि तालीम सातला संपते. अष्टमी-चतुर्दशी असते. भाद्रपदात गणपती आणि दशलक्षण बरोबरच येतात, शाळेत त्याच दिवसांत स्पर्धा असतात, आणि मुलीचा एकाशन असतो. या अडचणी खऱ्या आहेत. पण त्यांवरचा उपाय मुलीला घरी बसवणं हा नव्हे.

सहलीच्या आदल्या दिवशी वर्गशिक्षकांना फोन केला, तर बहुतेक शिक्षक ऐकतात. "ती सूर्यास्ताआधी जेवेल, डबा तिच्याकडे असेल, तिला फक्त पंधरा मिनिटं द्या." एवढंच सांगायचं असतं. दशम्या, मेथीचे ठेपले, लसूण न घातलेली शेंगदाण्याची चटणी, राजगिऱ्याचे लाडू, लसणाशिवाय केलेला भडंग हे दोन दिवस सहज टिकतं. डबा दोघींना पुरेल एवढा द्या, कारण दशमी मागायला चार मैत्रिणी येतातच. तालमीच्या दिवसांत साडेपाचला खाऊन घे, म्हणून डबा वेगळा द्यायचा. एनसीसीचं दहा दिवसांचं शिबिर असेल, तर मात्र आधी भेटून बोलावं लागतं. तिथे स्वयंपाक सगळ्यांचा एकत्र असतो. वरण, भात, पोळी मिळते, पण भाजीचं काय ते विचारून घ्यावं. कधी नुसत्या वरणभातावर दिवस काढावे लागतील. आपण उपवास करणाऱ्यांच्या घरातल्या, त्याची फार चिंता करू नये.

आणि एक गोष्ट स्पष्ट बोलते. घरात आई वाढते म्हणून जी मुलगी रात्री जेवत नाही, तिचा नियम आईचा आहे. पन्नास मुली जेवत असताना जी शांतपणे "माझं झालंय, तुम्ही जेवा" म्हणते, तिचा नियम तिचा स्वतःचा आहे. पुढे ती पुण्याच्या होस्टेलवर जाणार, बंगळूरला नोकरीला जाणार, कदाचित परदेशी जाणार. तिथे आपण ताट घेऊन जाणार नाही. नियम टिकवायची सवय तेराव्या वर्षी दोन दिवसांच्या शिबिरात होऊ लागली, तर वाईट काय? एखादी मुलगी तिथे चुकलीच, तर घरी येऊन सांगण्याइतकी जागा तिला असावी, एवढं आपण बघावं. प्रायश्चित्त आपल्या धर्मात आहेच.

तिसरा आक्षेप सुरक्षेचा. यावर मी कोणालाच "जाऊ द्या हो, काही होत नाही" असं सांगणार नाही. शिबिराला सोबत शिक्षिका आहेत का, किती मुलींमागे एक, मुक्काम कुठे, परत कधी आणि कोणाबरोबर, हे प्रत्येक आईने विचारावं, आणि उत्तर गोलमोल आलं तर मुलीला पाठवू नये. महाराष्ट्रात २०२२ पासून शाळांमध्ये सखी सावित्री समिती असायला हवी, असा शासन निर्णय आहे. तुमच्या मुलीच्या शाळेत ती आहे का, तिची बैठक होते का, हे विचारायचा तुम्हाला हक्क आहे. पण हे प्रश्न मुलीला बाहेर पाठवता यावं म्हणून विचारायचे. न पाठवण्याचं कारण म्हणून नव्हे.

चौथा आक्षेप घरातल्या पुरुषांकडून येतो. "निवडणूक म्हणजे राजकारण. आपल्या मुलींना कशाला?" गावाकडच्या निवडणुका पाहिल्यावर असं वाटणं साहजिक आहे. शाळेतही चॉकलेटं वाटली जातात, गट पडतात, "आमच्या गल्लीतल्याला मत दे" चालतं. म्हणूनच तर मुलीने तिथे असावं. चॉकलेट घेऊन मत देणाऱ्या मैत्रिणीशी काय बोलायचं, हा प्रश्न तिला तेराव्या वर्षी पडावा. अठराव्या वर्षी खरं मत तिच्या हाती येणारच आहे. आणि आपल्या अनेकांतात जे सांगितलं आहे, की समोरच्याच्या म्हणण्यातही काही सत्य असतं, त्याचा सराव बैठकीसारखा दुसरीकडे होत नाही. नेट मागणाऱ्या मुलांचंही खरं होतं आणि कड्या मागणाऱ्या मुलींचंही. कोणतं काम आधी करायचं, ते बसून ठरवावं लागलं.

आता थोडं शाळांना आणि आपल्यालाही बोलायचं आहे. मंत्रिमंडळाची यादी कधी नीट वाचून बघा. मुख्यमंत्री मुलगा, उपमुख्यमंत्री मुलगी. क्रीडामंत्री मुलगा, सांस्कृतिक मंत्री मुलगी. पाहुणे आले, की मुली औक्षणाचं ताट घेऊन दारात, रांगोळीला मुली, स्वागतगीताला मुली. माईक आणि आभार प्रदर्शन मुलाकडे. यात कोणाचा दुष्ट हेतू नसतो, पडलेली सवय असते. आणि ती सवय आपल्याच घरून शाळेत जाते. पंचकल्याणक महोत्सवात पाचशे माणसांचा स्वयंपाक आपल्या बायका बिनबोभाट पार पाडतात. किती किलो डाळ, किती पातेली, कोण वाढणार, पाणी गाळून कुठे ठेवायचं, सगळं तोंडपाठ असतं. आणि त्याच महिला मंडळाच्या वार्षिक सभेत खर्चाच्या कागदावर सही करायची वेळ आली, की चाळीस वर्षांची बाई म्हणते, "ह्यांना विचारून सांगते."

तिला हिशोब कळत नाही असं नव्हे, तो तिनेच केलेला असतो. पण चार लोकांसमोर उभं राहून "हा खर्च मी केला, असा केला, विचारा काय विचारायचं ते" असं म्हणायची वेळ तिच्यावर कधी आलेलीच नसते. ती वेळ आठवीत यायला हवी होती. गॅदरिंगच्या जमाखर्चात साठ रुपये जुळत नसताना, सरांसमोर.

हे फक्त मंडळापुरतं नाही. महाराष्ट्रात २०११ पासून स्थानिक स्वराज्य संस्थांमध्ये महिलांना ५० टक्के जागा आहेत. म्हणजे गावोगावी निम्म्या खुर्च्या बायकांच्या आहेत. त्यातल्या किती खुर्च्यांवर बाई बसते आणि शेजारच्या खुर्चीवरून तिचा नवरा बोलतो, हे आपण सगळ्यांनी पाहिलं आहे. आणि आपल्या मंदिरांच्या ट्रस्टवर, शिक्षण संस्थांच्या कार्यकारिणीवर किती श्राविका आहेत? आपापल्या गावची यादी आठवून बघा. खुर्ची कायद्याने मिळते, पण तिच्यावर बसून बोलायची सवय कायद्याने लागत नाही.

आपला इतिहास याच्या उलट नाही. भगवान महावीरांच्या चतुर्विध संघात मुनी, आर्यिका, श्रावक, श्राविका असे चारही घटक आहेत, आणि आर्यिका संघाच्या प्रमुख चंदना होत्या. आजही आर्यिका संघाच्या प्रमुखांना आपण गणिनी म्हणतो. संघ चालवणं, शिस्त लावणं, निर्णय देणं हे स्त्रीचं काम आपल्या परंपरेला ठाऊक आहे. शेठ माणिकचंद यांच्या कन्या मगनबाई लहान वयात विधवा झाल्या, शिकल्या, आणि त्यांनी मुंबईत श्राविकाश्रम उभा केला. सोलापूरच्या श्राविका संस्थेमागे पद्मश्री सुमतीबाई शहा यांचं आयुष्य आहे. त्या काळात संस्था चालवणं म्हणजे पत्रव्यवहार, वर्गणी, हिशोब, सभा आणि विरोध. या बायकांनी तो सगळा संसार सांभाळला.

आणि आपले कर्मवीर अण्णा. १८८७ साली कुंभोजला जैन घरात जन्मले आणि १९१९ साली त्यांनी काले इथे रयत शिक्षण संस्था स्थापन केली. त्यांच्या साताऱ्याच्या वसतिगृहात सगळ्या जातींची मुलं एकत्र राहत. स्वयंपाक, पाणी, साफसफाई, शेतीचं काम मुलंच करत. "कमवा आणि शिका" ही योजना तर सगळ्या महाराष्ट्राला माहीत आहे. पुस्तकाइतकंच एकत्र राहून काम वाटून घेण्यातून शिक्षण होतं, हे अण्णांनी त्या काळी ओळखलं होतं. त्या मुलांच्या पोटासाठी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने विकले, मंगळसूत्रही दिलं. त्यांच्या जयंतीला फोटोला हार घालायचा आणि आपल्या मुलीला मात्र वर्गातल्या चार मुलांबरोबर गॅदरिंगचं काम करू द्यायचं नाही, हे मला जुळत नाही.

मग करायचं काय? मी मला जमलेल्या आणि आसपास पाहिलेल्या काही गोष्टी सांगते.

मुलीने विचारण्याआधी आपण विचारावं. "यंदा कशात नाव देणार?" या प्रश्नातच परवानगी असते. बऱ्याच मुली घरी नाही म्हणतील या भीतीने शाळेतच हात वर करत नाहीत.

ती निवडणुकीला उभी राहिली, तर तिचं भाषण आपण लिहून देऊ नये. तिच्या दादाने किंवा पप्पांनीही देऊ नये. तीन मिनिटांत ती काय करणार, ते तिच्या शब्दांत येऊ द्यावं. अडखळली तर अडखळू द्यावी. आणि पडली, तर "तरी मी सांगत होते" हे वाक्य गिळावं. जिंकली तर नातेवाइकांच्या ग्रुपवर फोटो टाकण्याआधी विचारावं, "आता पहिलं काम काय घेणार?"

घरातल्या एखाद्या कामाचा हिशोब तिच्याकडे द्यावा. दुधाचा, भाजीचा, नाहीतर दिवाळीच्या फराळाच्या सामानाचा. महिनाअखेरीस सगळ्यांसमोर तो तिने वाचून दाखवावा. आजोबांनी एखादा प्रश्न विचारावा, तिने उत्तर द्यावं.

आपण स्वतःही शाळेत जावं. शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे अनुदानित आणि सरकारी शाळांच्या व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात आणि निम्म्या सदस्य महिला असाव्या लागतात. विनाअनुदानित शाळांत पालक-शिक्षक संघ असतो. तिथे नाव द्या. पहिल्या सभेत नुसतं ऐका, दुसऱ्या सभेत एक प्रश्न विचारा. मंत्रिमंडळाची निवड कशी होते, मुली कोणत्या पदांवर आहेत, मुलींच्या स्वच्छतागृहाला कड्या आहेत का. आई सभेत बोलते हे एकदा पाहिलेल्या मुलीला वेगळं काही शिकवावं लागत नाही.

आणि आपल्या पाठशाळेतही हे करता येईल. दर रविवारी मुलं येतात, सूत्रं म्हणतात, खाऊ घेतात आणि जातात. चातुर्मासापुरतं एक बालमंडळ नेमू या. चिठ्ठ्या टाकून मतदान घेऊ. दशलक्षणातल्या सांस्कृतिक कार्यक्रमांची यादी, खाऊचा खर्च त्यांच्याकडे सोपवू. आपण मोठ्यांनी फक्त बाजूला बसायचं आणि विचारल्याशिवाय बोलायचं नाही. हे सगळ्यात अवघड आहे, मला माहीत आहे.

एखादी मुलगी म्हणेल, मला यातलं काही नको, मला वाचत बसायला आवडतं. तर तिला ढकलू नका. सगळ्यांनी मंत्री व्हायची गरज नाही. हस्तलिखिताला लेख देणं, विज्ञान प्रदर्शनात टेबलामागे उभं राहून माहिती सांगणं, खो-खोच्या संघात असणं, हेही त्यातच येतं. नको म्हणणारी ती असावी, आई नसावी, एवढंच माझं म्हणणं आहे.

येत्या आठवड्यात शाळांतून अर्जांचे कागद घरी येतील, त्यावर पालकांच्या सहीची एक ओळ असते. सही करण्याआधी ह्यांना विचारावंसं वाटलं, तर जरूर विचारा, पण कागद परत द्यायची तारीख चुकवू नका. आणि तुमच्या मुलीच्या शाळेत मंत्रिमंडळ कसं निवडतात, ते मला नक्की कळवा.

जय जिनेंद्र.